टप्प्याटप्प्याने बिऱ्हाड हलवताना सामान कशात ठेवावे?

प्रश्न : आम्ही गेली चौदा वर्षे न्यू जर्सीतील एडिसन येथे एका टाउनहाउसमध्ये राहत आहोत. यजमानांना उत्तर कॅरोलायनातील कॅरी येथे नोकरी मिळाली असून ते फेब्रुवारीपासून तेथे एका लहानशा भाड्याच्या घरात राहतील. मुलाची शाळा जूनअखेर संपेपर्यंत मी आणि मुलगा इथेच राहू. घर एप्रिलमध्ये विक्रीला काढायचे आहे आणि त्यापूर्वी निम्मे सामान हलवून घर मोकळे करावे, असे एजंटबाईंचे म्हणणे आहे. तिकडचे घर घेणे सप्टेंबर-ऑक्टोबरशिवाय जमेल असे दिसत नाही. सामानात पुस्तके आणि पितळेची भांडी पुष्कळ आहेत, शिवाय सासूबाईंचा तानपुरा आणि पाच-सहा पैठण्या आहेत. कंपनी आणून देते, आपण भरतो आणि मग ती उचलून नेते तसला सोळा फुटी कंटेनर मागवून दारात ठेवावा, की इथेच स्टोरेजचा गाळा भाड्याने घ्यावा? – एक वाचक, एडिसन

उत्तर : आपल्या पत्रात कंटेनरच्या आकाराचा विचार आधी आला आहे आणि तारखांचा नंतर. मी हा क्रम उलटा करीन. आपले सामान एका दिवशी जाणार नाही. एक भाग मार्चमध्ये, दुसरा जूनअखेर निघेल आणि दोन्ही भाग सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत कुठेतरी बंद राहतील. म्हणून सोळा फुटी एक कंटेनर मार्चपासून दारात उभा करण्यापेक्षा दोन लहान कंटेनर दोन वेळा मागवावेत, असे मला वाटते. दोन लहान कंटेनरांचे एकूण भाडे एका मोठ्यापेक्षा थोडे जास्त भरेल. परंतु दुसऱ्याचे भाडे जूनमध्येच सुरू होईल आणि घर पाहायला येणाऱ्यांच्या नजरेसमोर पत्र्याची खोली उभी राहणार नाही. शिवाय टाउनहाउसच्या वसाहतीत दारात कंटेनर किती दिवस ठेवू देतात, याचे नियम सोसायटीगणिक वेगळे असतात. कित्येक ठिकाणी मुदत थोड्या दिवसांचीच असते. ती परवानगी लेखी घेतल्याशिवाय पैसे भरू नयेत. रस्त्यावर ठेवायचा झाल्यास नगरपालिकेचे परमिट लागू शकते.

गाळ्याचा विचार मी सरसकट मोडीत काढत नाही. दर आठवड्याला काहीतरी काढावे-ठेवावे लागणार असेल, तर गाळाच सोयीचा, आणि तापमान राखलेला गाळा मिळतोही. पण आपल्या बाबतीत एडिसनच्या गाळ्यात भरलेले प्रत्येक खोके घरातून ट्रकमध्ये, ट्रकमधून गाळ्यात, गाळ्यातून पुन्हा ट्रकमध्ये आणि शेवटी नव्या घरात, असे चार वेळा उचलले जाईल. कंटेनरमध्ये ते एकदा चढते आणि एकदा उतरते. 1998 साली फ्लोरिडात पॉड्स कंपनी सुरू झाली तीच या कल्पनेवर, की गोदाम गिऱ्हाइकाच्या दारात न्यावे आणि भरल्यावर परत आणावे. मार्चमध्ये भरलेला पहिला कंटेनर इथे न ठेवता थेट कॅरीच्या परिसरातील कंपनीच्या गोदामात पाठवावा. सुमारे 500 मैलांचा प्रवास उन्हाळ्याच्या गर्दीआधी उरकेल आणि पुढे घर त्या भागात कुठेही घेतले, तरी थोड्या अंतरावरच आणून देणे उरेल. गोदामात असताना सामान पाहायला किती दिवस आधी सांगावे लागते आणि त्याचे शुल्क आहे का, हे मात्र आधीच विचारून ठेवावे.

आता आकार. आठ फुटी कंटेनरमध्ये साधारण दीड खोलीचे सामान बसते, सोळा फुटीत तीन-चार खोल्यांचे. यू-हॉल या दुसऱ्या कंपनीचा यू-बॉक्स नावाचा कंटेनर त्याहून लहान, प्लायवुडचा, सुमारे 257 घनफुटांचा असतो आणि त्यात 2,000 पौंडच भरता येतात. आपल्याकडच्या घरांत जागेपेक्षा वजन आधी भरते, आणि ही गोष्ट कंपन्यांच्या तक्त्यांवरून लक्षात येत नाही. पुस्तकांचे दीड घनफुटी खोके सहज 40 पौंडांचे होते. अशी 30 खोकी म्हणजे 1,200 पौंड. पॉड्सच्या सोळा फुटी कंटेनरला सुमारे 4,200 पौंडांची मर्यादा असते आणि आठ फुटीला त्याहून जास्त, सुमारे 5,200. म्हणजे पितळेचे हंडे, घंगाळ, परात आणि पुस्तके असलेल्या घराला लहान कंटेनर दुहेरी उपयोगी पडतो. वजन भिंतीलगत खालच्या थरात, डावी-उजवी बाजू सारखी राहील असे लावावे, आणि दर तीन-चार फुटांवर पट्ट्याने आवळावे. रस्त्यावर ब्रेक लागला की सैल सामानच फुटते.

कंटेनर ट्रकवर कसा चढवतात, हेही विचारावे. काही कंपन्यांचा उचलसांगाडा भरलेला कंटेनर जमिनीला समांतर ठेवूनच उचलतो. काही ठिकाणी तो तिरका होतो आणि आतली उतरंड एका बाजूला ढळते. अशा ट्रकला साधारण 12 फूट रुंद व 15 फूट उंच मोकळी जागा लागते, तेव्हा ड्राइव्हवेवर लोंबणाऱ्या फांद्या आणि तारा आधी पाहून घ्याव्यात. डांबरी ड्राइव्हवे जूनच्या उन्हात मऊ होतो. कंटेनरच्या पायांखाली प्लायवुडचे तुकडे घातले नाहीत, तर घर विकण्याच्या ऐन वेळी चार खड्डे दिसतील.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा उष्णता आणि ओल यांचा आहे. उन्हात उभा असलेला पत्र्याचा कंटेनर दिवसा तापतो, रात्री निवतो, आणि आतल्या दमट हवेचे थेंब छताला धरून खाली पडतात. मी स्वतः एका घरबदलात पुस्तकांची खोकी काळजीपोटी प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळली होती. चार महिन्यांनी उघडली तेव्हा कुबट वास आला आणि कापडी बांधणीच्या पाठींवर पांढुरकी बुरशी चढली होती. आतली ओल बाहेर पडायला मी वाटच ठेवली नव्हती. म्हणून पुस्तके साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत, कोरड्या दिवशी भरावीत. खोकी लाकडी फळ्यांवर ठेवून भिंतीपासून बोटभर अंतर सोडावे. ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे सर्वांत खाली, सांडले तरी सामानाला लागणार नाहीत असे ठेवावेत. गादीला मात्र हवेशीर आवरण हवेच. गोदाम छपराखाली असले, म्हणजे तिथे तापमान राखले जाते असे नव्हे. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्ही विचारावेत.

तानपुरा आणि पैठण्या कोणत्याच कंटेनरमध्ये जाऊ नयेत. तानपुऱ्याचा भोपळा आणि तबली यांचा जोड उष्णतेत सुटू शकतो, आणि कॅरोलायनाचा उन्हाळा कडक असतो. तारा उतरवून, भोपळ्याभोवती गोधडी लावून तो मोटारीच्या मागच्या सीटवर आडवा न्यावा. पैठण्या मलमलीत गुंडाळाव्यात. डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नयेत. देव, दागिने, पासपोर्ट, ग्रीन कार्डाची व शाळेची कागदपत्रे हेही मोटारीनेच जावे. रंगाचे डबे, फवारणीचे कॅन, मेणबत्त्या, गॅसचे सिलिंडर आणि कोणताही खाऊ आत घालू नये. तिखट-मसाल्याचा उघडा पुडासुद्धा नको, कारण वासाला उंदीर येतात.

आपल्या भागासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. मिडलसेक्स काउंटीसह न्यू जर्सीच्या बऱ्याच भागात स्पॉटेड लँटर्नफ्लाय या किडीसाठी कृषी विभागाने क्वारंटाइन, म्हणजे न तपासता सामान बाहेर नेण्यावर बंधन, जाहीर केले होते. हिची अंडी वाळलेल्या चिखलाच्या राखाडी डागासारखी दिसतात, सप्टेंबरच्या सुमारास घातली जातात आणि वसंतात फुटतात. म्हणजे मार्चमध्ये अंगणातील खुर्च्या, कुंड्या, सायकली, बार्बेक्यू आणि कंटेनरचा तळ यांवर ती असू शकतात. उत्तर कॅरोलायनात ही कीड 2022 मध्ये आढळली असली, तरी तिचा प्रसार आपल्या सामानातून होऊ नये. डाग खरवडून साबणाच्या किंवा अल्कोहोलच्या पाण्यात टाकावा.

विम्याबाबत गैरसमज नको. पूर्ण सेवा देणाऱ्या मूव्हर्सच्या आंतरराज्य वाहतुकीत किमान जबाबदारी दर पौंडाला 60 सेंट असते. या हिशेबाने 40 पौंडांच्या टीव्हीचे 24 डॉलर मिळतात. आपण स्वतः भरलेल्या कंटेनरसाठी तर हेही गृहीत धरू नये. आपल्या घरविम्यात वाटेवरील आणि गोदामातील सामान किती रकमेपर्यंत धरले आहे, घर विकल्यानंतर ती पॉलिसी संपते का, आणि बुरशी व उंदीर वगळले आहेत का, ही तीन उत्तरे विमा कंपनीकडून लेखी घ्यावीत.

भाव विचारताना महिन्याचे भाडे एवढेच विचारू नये. आणून देणे, उचलून नेणे, लांबची वाहतूक, तिकडे पोहोचवणे, मधला एखादा महिना वाढल्यास अर्ध्या महिन्याचे भाडे घेतात की पूर्ण, आणि तारीख बदलल्यास काय आकारतात, हे सर्व एका कागदावर मागावे. 1 जून ते 30 नोव्हेंबर हा अटलांटिक चक्रीवादळांचा हंगाम आहे, त्यामुळे सप्टेंबरमधील पोहोचण्याची तारीख आठवडाभर लांबली, तरी अडणार नाही अशी सोय ठेवावी.

भरताना शेवटी जे लागणार ते आधी, आणि पहिल्या रात्री जे लागणार ते सर्वांत शेवटी, दाराशी ठेवावे. दुसऱ्या कंटेनरच्या दाराशी कुकर, चार ताटे-वाट्या, पोळपाट-लाटणे, अंथरुणे, मुलाची शाळेची बॅग आणि स्क्रूड्रायव्हर ठेवून मगच स्वतः विकत घेतलेले कुलूप लावावे. त्याच्या दोन किल्ल्यांपैकी एक यजमानांकडे आणि एक आपल्या पर्समध्ये ठेवावी.