तश्मिजाबी गरम असतानाच खा

प्रश्न : मी आणि माझे यजमान सप्टेंबरमध्ये जॉर्जियाला जातोय. तिथल्या स्वानेती या डोंगराळ भागात मेस्तिया ते उश्गुली असं चार दिवस चालायचं ठरलंय. ते सगळं खातात, मी शाकाहारी, अंडंही नाही. तिकडे मांसाशिवाय काही मिळत नाही असं ऐकलं. किती दिवसांच्या दशम्या घेऊ? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, दशम्या विमानापुरत्या घ्या. चार दिवसांचा शिधा पाठीवर वाहून डोंगर चढण्यात अर्थ नाही. झाबेशी, आदिशी, इप्रारी अशा मुक्कामाच्या गावांत लोक घरीच पाहुणे ठेवतात. रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी त्याच घरात. मात्र पोचल्या पोचल्या, बूट काढायच्या आधी सांगा : ‘मे खोर्त्स आर व्चाम’, म्हणजे मी मांस खात नाही. अंड्यासाठी ‘क्वेर्त्सखी आरा’. जेवण मांडून झाल्यावर सांगितलंत तर घरच्या बाईचा जीव हळहळतो, आणि तुम्ही ब्रेड-काकडीवर राहता.

आदिशीत मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले होते. भाषा येत नव्हती, पण आजींनी मला चुलीजवळ बसवलं. उकडलेले बटाटे पातेल्यात घोटून त्यात सुलगुनी नावाचं चीज टाकलं आणि मंद आचेवर लाकडी डावाने घाटायला लागल्या. आपण पिठलं घाटतो ना, अगदी तसंच, फक्त जोर जास्त. हळूहळू गोळा कडा सोडू लागला. डाव वर उचलला की हातभर तार यायची. हीच तश्मिजाबी. ताटात पडली की बोलत बसू नका, लगेच खा. गार झाली की घट्ट होते आणि सगळी मजा जाते. दिवसभर चालून आल्यावर त्यासारखं दुसरं काही नाही, हे मी अगदी मनापासून सांगते.

मक्याच्या पिठात चीज मळून तव्यावर भाजलेली च्विश्तारी दुपारच्या डब्याला मागून घ्या. गारही चांगली लागते. काही घरांत तिच्या पिठात अंडं घालतात, तेवढं विचारा. साधी म्चादी म्हणजे मक्याची जाड भाकरीच. तिच्याबरोबर लोबिओ, म्हणजे राजम्याची उसळ, भरपूर कोथिंबीर घालून. वांग्याच्या कापात अक्रोड-लसणाचं वाटण भरतात, ते सोडू नका. आपण दाण्याचं कूट जितक्या सढळ हाताने वापरतो, तितका तिथे अक्रोड.

उपास तिथेही असतात. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन लोक बुधवारी, शुक्रवारी आणि सणांआधी मांस, दूध, अंडी वर्ज्य करतात. त्या जेवणाला ‘समार्ख्वो’ म्हणतात. हा शब्द उच्चारला की तुम्हाला काय चालतं ते पटकन कळतं. एक गोष्ट मात्र मोकळेपणाने सांगते : तिथलं चीज पारंपरिक पद्धतीने वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. तुम्हाला ते चालत नसेल तर चीज टाळून लोबिओ, म्चादी, वांगी आणि कोशिंबिरीवर भर द्या.

तुमच्या यजमानांसाठी कुब्दारी. ही स्वानेतीची स्वतःची भरली रोटी. मांसाचा खिमा करत नाहीत, सुरीने बारीक तुकडे करतात, कांदा आणि स्वानी मीठ (तिथलं लसूण-मसाल्याचं मीठ) लावून पिठात भरतात. वरून दिसायला ती चीज भरलेल्या खाचापुरीसारखीच गोल, म्हणून तुम्ही पहिला घास घेण्याआधी रोटी फोडून बघा.

तिसऱ्या दिवशी आदिशीहून लवकर निघा. पुढे हिमनदीचं पाणी ओलांडायचं असतं. ऊन चढलं की बर्फ वितळून पाणी वाढतं. गावकरी घोड्यावरून पलीकडे नेतात. रोख पैसे मेस्तियातच काढून ठेवा.

प्रश्न : स्वानेतीहून येताना काय आणावं? – एक वाचक, सांगली

उत्तर : स्वानी मीठ. बाकी काही नाही आणलंत तरी चालेल. मिठात लसूण, धणे, लाल मिरची, डोंगरी शहाजिऱ्यासारखं जिरं, झेंडूच्या वाळवलेल्या पाकळ्या आणि निळ्या फुलांची मेथी कुटून घालतात. ही मेथी आपल्या मेथीच्याच कुळातली, पण कडवटपणा फारच कमी. मेस्तियाच्या दुकानात पुड्या मिळतात, पण मुक्कामाच्या घरी विचारा. आदिशीच्या आजींनी मला वर्तमानपत्रात बांधून दिलं होतं. लसणामुळे ते ओलसर असतं, म्हणून घट्ट झाकणाच्या बरणीत भरा, नाहीतर बॅगेतले सगळे कपडे लसणाचे होतात. घरी उकडलेल्या बटाट्यावर, काकडीवर, ताकात घाला. मी ते वरणफळांवरही घालते.