'एकांताचा वास' म्हणजे नेमका कसला वास?

प्रश्न असा आलाय की 'वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें' या तुकोबांच्या अभंगात पुढं 'येणें सुखें रुचे एकांताचा वास' येतं, तर हा वास म्हणजे रानाचा सुगंध का? म्हापशाच्या एका ताईंनी विचारलंय, त्यांच्या भजनाच्या वहीत अर्थ तसाच लिहिलेला आहे म्हणे.

ताई, सुगंध नाही. इथं वास म्हणजे राहणं, मुक्काम. संस्कृतातला वस् धातू, त्यातूनच निवास, वनवास, सहवास, प्रवास, आणि उपवाससुद्धा, म्हणजे मुळात जवळ जाऊन राहणं. बौद्ध भिक्खू पावसाळ्यात तीन महिने एका जागी राहतात तो वर्षावास, आपल्याकडं मठांतले स्वामी चातुर्मास करतात त्याच धर्तीचा. गंधाचा वास वेगळ्या धातूतून आलाय, दिसायला सारखा एवढंच. जुन्या मराठीत अजून एक वास आहे, 'वास पाहणे' म्हणजे वाट पाहणे, पण तो स्त्रीलिंगी, मग 'एकांताची वास' झालं असतं.

आता गंध आणि मुक्काम दोन्ही पुल्लिंगी, त्यामुळं व्याकरण इथं मदत करत नाही, पुढचा चरण बघायला लागतो. 'नाही गुण दोष अंगा येत'. माणसांत राहिलं की कोण वाखाणतो कोण नावं ठेवतो, रानात राहिलं की त्यातलं काहीच अंगाला चिकटत नाही, म्हणजे गोष्ट राहण्याचीच चाललीय ना! आणि फुलाच्या गंधासाठी तुकोबांचा शब्द बघा, 'परिमळ म्हूण चोळूं नये फूल', आपण कोंकणीत अजून परमळच म्हणतो.

मला तर अभंगाचं चौथं कडवं जास्त आवडतं. कंथा नि कमंडलू, म्हणजे संन्याशाची गोधडी नि पाण्याचं भांडं, एवढ्यावर देहाचं भागतं, आणि 'जाणवितो वारा अवसरु', वेळ काय झाली ते वारा सांगतो. मठात हे काम घंटेचं. जुन्या गोव्यातला ऑगस्टिनियन पंथाच्या ख्रिस्ती साधूंचा मठ 1835 साली ओस पडला, त्यांची मोठी घंटा आता पणजीच्या चर्चवर आहे, ती वाजली की मला हटकून ही ओळ आठवते. तुकोबा प्रपंचातले, बायकामुलं असलेले, मठात कधी राहिले नाहीत, देहूजवळच्या भंडाऱ्या डोंगरावर जाऊन बसायचे, पण मठातल्या माणसाला जी शिस्त घंटेनं लागते ती त्यांना वाऱ्यानं लागली असं मला वाटतं.

तेव्हा ताई, वहीत 'सुगंध' खोडून 'एकांतात राहणं' लिहा, आणि म्हणताना 'वास' नि 'दोष' यांचं यमक ऐकू येईल असं म्हणा.