तीन-चार महिन्यांची गेम टेस्टरची कंत्राटी नोकरी म्हणजे दिवसभर नुसतं खेळायचं का?

खेळायचं, पण आपल्या मर्जीने नाही. एकाच खोलीतल्या प्रत्येक भिंतीवर कॅरॅक्टर धडकवत बसायचं, कुठून आरपार जातो का बघायचं. कन्सोलवर (प्लेस्टेशन, एक्सबॉक्ससारख्या खेळायच्या यंत्रावर) ऐन खेळात कंट्रोलर डिस्कनेक्ट करून गेम पॉज होतो की नाही, हेही तपासतात. असल्या चाचण्यांत गेम नापास झाला तर कन्सोल बनवणारे सोनी-मायक्रोसॉफ्ट रिलीजला हिरवा कंदील देत नाहीत.

बग, म्हणजे गेममधली चूक, सापडणं सोपं. तो पुन्हा घडवून नेमक्या स्टेप्स, बिल्ड नंबर (गेमची नेमकी कोणती आवृत्ती ते), व्हिडिओ असं सगळं लिहिणं हे खरं काम. नुसतं 'क्रॅश झाला' लिहिलंत की डेव्हलपरने रिपोर्ट परत पाठवलाच समजा.

रिलीज झाला की बहुतेकदा कंत्राट संपतं, त्यामुळे मुदतवाढीच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका. आणि एनडीए, म्हणजे गुप्तता पाळायचा करार, असतो बरं का, मित्रांना स्क्रीनशॉट पाठवायचा मोह आवरा!