शुद्ध केलेल्या डीएनएत आर्सेनिक खरंच आहे की नुसतं सोबत आलंय, हे कसं ओळखायचं?

तुम्ही म्हणता, डीएनएच्या कण्यात (धाग्याच्या मूळ साखळीत) फॉस्फरसच्या जागी आर्सेनिक बसलंय, कारण ४० मिलिमोलर आर्सेनेटच्या (आर्सेनिकच्या क्षाराच्या) मीडियममध्ये, म्हणजे वाढीच्या द्रावणात, जिवाणू वाढवले, जेलमधून डीएनएचा पट्टा कापला आणि आयसीपी-एमएसवर (मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रावर) आर्सेनिक दिसलं. त्यावरून एवढंच कळतं की नळीत आर्सेनिक आहे.

आधी हिशोब मांडा. एका न्यूक्लिओटाइडचं वजन सरासरी ३३० धरलं तर १० मायक्रोग्रॅम डीएनएत साधारण ३० नॅनोमोल फॉस्फरस असतो. त्यातल्या शंभरात एका जागी आर्सेनिक बसलं असेल तर ते ०.३ नॅनोमोल, म्हणजे सुमारे २२ नॅनोग्रॅम. ५ मिलीमध्ये विरघळवलं तरी साडेचार पीपीबी (अब्जात साडेचार भाग) भरतं. यंत्राला ते सहज दिसतं. पण तुमच्या मीडियमच्या १ मायक्रोलिटरमध्येच ४० नॅनोमोल आर्सेनेट आहे! पेलेटच्या (तळाशी बसलेल्या डीएनएच्या) कडेला राहिलेला तेवढासा थेंब सगळा निकाल फिरवतो.

कॅलिफोर्नियातल्या मोनो लेकमधल्या जीएफएजे-१ जिवाणू डीएनएत फॉस्फरसऐवजी आर्सेनिक वापरतो, असा दावा करणाऱ्या, २०१० साली सायन्स नियतकालिकात आलेल्या पेपरवर नेमका हाच आक्षेप होता: जेलमधला डीएनए नीट धुतला नव्हता. मीडियममध्ये सुमारे ३ मायक्रोमोलर फॉस्फेट होतं, म्हणजे जिवाणू त्यावरही वाढू शकत होते, ते वेगळंच. २०१२ मध्ये सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रोझी रेडफील्ड आणि सहकाऱ्यांनी डीएनए नीट शुद्ध करून पाहिला, तेव्हा त्यात बांधलेलं आर्सेनेट सापडलं नाही. २०२५ मध्ये सायन्सने मूळ पेपर मागे घेतला.

म्हणून जेलवर विसंबू नका. डीएनए सीझियम क्लोराइडच्या ग्रेडियंटवर (खाली घनता वाढत जाणाऱ्या द्रावणात) चालवा, थराथराने फ्रॅक्शन काढा आणि प्रत्येकात डीएनए व आर्सेनिक दोन्ही मोजा. आर्सेनिक कण्यात असेल तर दोघांची शिखरं एकाच फ्रॅक्शनला येतील. मग डायलिसिस करा (पडद्यातून क्षार बाहेर काढा), इथेनॉलने अवक्षेपण करा (डीएनए साक्यासारखा खाली बसवा) आणि ७०% इथेनॉलने निदान तीनदा धुवा. आर्सेनेटचे क्षार इथेनॉलमध्ये फारसे विरघळत नाहीत, त्यामुळे एकदा धुऊन भागत नाही. प्रत्येक धुण्यानंतर थोडा नमुना मोजा. आकडा दरवेळी घसरत असेल तर ते चिकटलेलं आर्सेनिक आहे. बफर ट्रिस-ईडीटीए ठेवा. फॉस्फेट बफर वापरलात तर फॉस्फरसचा आकडा बिघडेल.

सगळ्यात कामाचा कंट्रोल (तुलनेचा नमुना) बहुतेक जण विसरतात. फॉस्फेटवर वाढवलेल्या पेशी घ्या, फोडताना त्यात ४० मिलिमोलर आर्सेनेट घाला आणि पुढची सगळी प्रक्रिया तीच करा. या नमुन्यात जेवढं आर्सेनिक निघेल ते निव्वळ मागून आलेलं. तुमच्या खऱ्या नमुन्याचा आकडा त्याच्या वर गेला तरच पुढे बोलण्यात अर्थ.

यंत्रातही एक खड्डा आहे. क्लोराइड असेल तर आर्गॉन आणि क्लोरीन जोडीने ७५ वस्तुमानावर येतात, म्हणजे थेट आर्सेनिकच्या जागी. सीझियम क्लोराइड उरलं तर नसलेलं आर्सेनिक दिसेल. नमुना नायट्रिक आम्लात पचवा, हायड्रोक्लोरिक नको, आणि यंत्रातली हीलियमची कोलिजन सेल (अशा जोड्या गाळणारा कप्पा) चालू ठेवा.

यंत्राशिवायची एक तपासणीही करून पाहा. डीएनएच्या कण्यातला आर्सेनेटचा बंध पाण्यात सेकंदाच्या अंशात तुटतो, असा अंदाज आहे. शंभरात एक बंध आर्सेनिकचा असेल तर धागे शंभरेक न्यूक्लिओटाइडचे तुकडे होऊन पडतील. साध्या जेलवर मात्र हे लपू शकतं, कारण समोरचा धागा तुकड्यांना धरून ठेवतो. अल्कधर्मी जेल चालवा, त्यात दोन्ही धागे सुटे होतात. पट्टा वरच घट्ट राहिला, खाली फराटा उतरला नाही, तर कण्यात एवढं आर्सेनिक असणं शक्य नाही.