तलवार मोडणारच, भावा

स्विचवरचा झेल्डा ब्रेथ ऑफ द वाइल्ड हा गेम घेतलास, झकास. आता सुरुवातीच्या पठारावरची चारही श्राइन (कोड्यांची छोटी देवळं) उरक. पॅराग्लायडर हातात आल्याशिवाय खाली उतरताच येत नाही. आणि उतरलास की थेट शेवटच्या शत्रूच्या राजवाड्याकडे पळू नकोस, पार भुगा होईल.

शस्त्रं मोडतात म्हणून कुरकुरू नकोस. भारी तलवार जपून ठेवणारे ती न वापरताच गेम संपवतात. लाल बोकोब्लिनसारख्या किरकोळ राक्षसाला झाडाची फांदीही पुरते. तलवार मोडायला आल्याची सूचना दिसली की सरळ फेकून मार. फेकताना तुटली तर मार दुप्पट बसतो.

श्राइनमध्ये मिळणारे चार ऑर्ब जमले की हार्ट (जीव) घ्यायचं की स्टॅमिना (दम)? मी म्हणतो स्टॅमिना. हार्टचं स्वयंपाक बघून घेतो: हार्टी ड्युरियन नावाचं एकच फळ शिजव, सगळी हार्ट भरून वर चार जादा. पाऊस लागला की कडा चढायचा नाही, जुलैतल्या अजिंक्यताऱ्यासारखा पाय सटकतो. विजा कडाडल्या तर लोखंडी हत्यार, ढाल आधी काढून ठेव.

तुझा स्विच (निन्टेन्डोचा हातातला गेम कन्सोल) 2017 चा असेल तर हा गेम बॅटरीवर जेमतेम तीन तास चालेल. सांगली-स्वारगेट एसटीत पॉवरबँक हवीच. खिडकीची सीट घेऊ नकोस, उन्हात स्क्रीनवर काही दिसत नाही.