पावसाळ्यात फेडता येईल एवढंच कर्ज: रत्नागिरीच्या फोटोग्राफरला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. रत्नागिरीत राहणारे चौतीस वर्षांचे वाचक लग्नं, पोर्ट्रेट आणि थोडं कॅटलॉगचं काम करतात. आता त्यांना फॅशन आणि पोर्टफोलिओकडे वळायचं आहे. त्यासाठी साडेदहा लाखांचा बेत आहे: ४ लाख ४० हजारांचा मिररलेस (आतला आरसा नसलेला नवा कॅमेरा) आणि लेन्सचा सेट, ९० हजारांचे लाइट आणि बॅकड्रॉप, आणि भाड्याच्या गाळ्याची अनामत, एसी, फॉल्स सीलिंग, रंग, फर्निचर मिळून ५ लाख २० हजार. बँक ९ लाख द्यायला तयार आहे, १२ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. उरलेल्या दीड लाखासाठी एफडी मोडायची. वर्षाची जमा ९ लाख ६० हजार, खर्च वजा जाता हातात ५ लाख ३० हजार. पत्नी खाजगी शाळेत शिक्षिका, पगार १४ हजार. घरखर्च ३८ हजार. विचारलंय: घेऊ का?

नमस्कार. तुम्ही आकडे महिन्यावार पाठवलेत, त्यामुळे नेमकं बोलता येतं. स्टुडिओची कल्पना चांगली आहे. पण या रचनेत कर्ज घेऊ नका.

९ लाखांचा हप्ता २०,०२० रुपये येतो. गाळ्याचं भाडं १२ हजार, वीज तुमच्याच अंदाजाने ३ हजार. पत्नीचा पगार धरून घरखर्चासाठी तुमच्या धंद्यातून २४ हजार लागतात. म्हणजे महिन्याला ५९,०२० रुपये, वर्षाला ७ लाख ८ हजार. तुमच्या हातात येतात ५ लाख ३० हजार. तूट १ लाख ७८ हजार.

वर्षाच्या बेरजेपेक्षा महिन्यांचा हिशोब जास्त बोलका आहे. तुळशीचं लग्न झालं की तुमची कामं सुरू होतात आणि मे संपता संपता आटोपतात. जून ते ऑक्टोबर या पाच महिन्यांत तुमची जमा १ लाख ६० हजार, खर्च जाऊन १ लाख १० हजार. त्याच पाच महिन्यांत हप्ता, भाडं, वीज आणि घर मिळून २ लाख ९५ हजार बाहेर जाणार. नोव्हेंबर ते मे या भर हंगामात सगळं भागवून तुमच्याकडे उरतात जेमतेम ७ हजार. एफडी तर आधीच मोडलेली. म्हणजे पहिल्याच ऑगस्टमध्ये हप्ता चुकेल, सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग पडेल आणि घरातलं सोनं गहाण जाईल. कामात कसूर न होता हे होईल, कारण कोकणातल्या लग्नाच्या फोटोग्राफीची जमा ऋतूवर चालते आणि हप्ता बारा महिने सारखा.

म्हणून कसोटी एकच ठेवा: जी वस्तू पावसाळ्यात काम आणून देते, तिच्यासाठी कर्ज. या कसोटीवर तुमच्या यादीतले लाइट आणि बॅकड्रॉप पहिले येतात. सराफ आणि साडीवाले गणपती, दसरा, दिवाळीच्या जाहिरातींसाठी फोटो काढून घेतात ते जुलै-ऑगस्टमध्ये, आणि ते काम छताखालीच होतं. गौरी-गणपतीला चाकरमानी घरी आलेले असतात, तीन पिढ्या एका छपराखाली सापडतात. घरी जाऊन कौटुंबिक पोर्ट्रेट करून देण्याचं काम त्या आठवड्यात मिळतं, आणि त्यालाही दोन लाइट आणि एक घडीचा बॅकड्रॉप पुरतो. स्ट्रोब, म्हणजे स्टुडिओचे फ्लॅश, बॅटरीवर चालणारे घ्या. पावसात वीज किती वेळा जाते हे तुम्हाला वेगळं सांगायला नको, आणि परत येताना व्होल्टेजचा जो झटका बसतो त्यात थेट विजेवरचा लाइट जळतो.

आता गाळा. तुम्ही माप लिहिलंय १० बाय १८ फूट, उंची ९ फूट. इथे थोडा वेळ थांबतो, कारण सगळ्यात मोठी रक्कम इथेच चालली आहे. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ८५ मिमी लेन्सने उभ्या माणसाचा नखशिखांत फोटो घ्यायचा, डोक्यावर आणि पायाखाली थोडी जागा सोडायची, तर कॅमेरा आणि मॉडेल यांत पावणेपाच मीटर अंतर लागतं. मॉडेलची सावली बॅकड्रॉपवर पडू नये म्हणून मागे दीड मीटर. तुम्हाला उभं राहायला पाऊण मीटर. झाले सात मीटर, म्हणजे २३ फूट. तुमच्या गाळ्यात ते बसत नाही. ५० मिमीने साडेसोळा फुटांत काम भागेल, पण रुंदीचं काय? कागदी बॅकड्रॉपचा मोठा रोल २.७२ मीटर, म्हणजे जवळजवळ ९ फुटांचा. दोन बाजूंचे स्टँड धरले की १० फूट संपले, बाजूने सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) आत घ्यायला जागा नाही. वर फॉल्स सीलिंगने अर्धा-पाऊण फूट जाणार, मग उंच मॉडेलच्या डोक्यावरून हेअर लाइट, म्हणजे केसांवर वरून पडणारा दिवा, टांगायचा कुठे? हा गाळा पासपोर्ट फोटो आणि छातीपर्यंतच्या पोर्ट्रेटसाठी ठीक आहे. फॅशनसाठी सव्वापाच लाख घालण्याची ही जागा नव्हे. शिवाय फॉल्स सीलिंग आणि रंगकाम गाळा सोडताना मालकाकडेच राहतं.

तुम्ही जाता जाता लिहिलंय की काकांच्या घराची माडी रिकामी आहे, १४ बाय २४ फूट, मधोमध ११ फूट उंच, काका वीज धरून ४ हजार घेतील. पण ती शहरापासून सात किलोमीटर दूर, गिऱ्हाईक येणार नाही, असं तुम्हाला वाटतं. रस्त्यावरून पासपोर्ट फोटोसाठी आत शिरणारं गिऱ्हाईक नाहीच येणार. कॅटलॉगवाला आणि पोर्टफोलिओ करून घेणारा मुलगा वेळ ठरवून, गाडीने येतो. त्याला सात किलोमीटरचं काही वाटत नाही. सराफाचे दागिने असतील तेव्हा पेढीचा माणूस सोबत येऊ दे आणि आणलेल्या-नेलेल्या नगांच्या यादीवर दोघांच्या सह्या घ्या.

माडीत दोन गोष्टी सांभाळा. भिंती उघड्या चिऱ्याच्या असतील तर लाइट त्यांवर आपटून तांबूस झाक त्वचेवर आणि पांढऱ्या साडीवर येते, आणि ती एका बाजूलाच येते, त्यामुळे व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातली रंग जुळवण्याची सोय) बदलून जात नाही. आतून पांढरा मॅट रंग द्या, किंवा बाजूंना काळं कापड लावा. दुसरं, कौलांखाली पावसाळ्यात कॅमेरा आणि लेन्स रात्रभर ठेवू नका. काम झालं की घरी, ड्राय कॅबिनेटमध्ये, म्हणजे दमटपणा आटोक्यात ठेवणाऱ्या कपाटात, ४५ ते ५० टक्के आर्द्रतेवर. बुरशीने काचेचं कोटिंग एकदा खाल्लं की साफ करूनही डाग राहतो आणि विकताना लेन्सची किंमत पडते. दहा हजार रुपये कॅबिनेटसाठी आधी बाजूला काढा, मग नव्या लेन्सचं बघा.

कॅमेऱ्याचं मी सरसकट नाही म्हणत नाही. तुमच्या डीएसएलआरचा शटर काउंट, म्हणजे आजवर काढलेल्या फोटोंचा आकडा, १ लाख ६० हजारांवर गेलाय आणि कंपनीने त्या शटरची चाचणी दीड लाखांपर्यंतची सांगितली आहे. तो उद्याच बंद पडेल असं नाही, पण लग्नात एकाच अशा बॉडीवर अवलंबून राहणं धोक्याचं आहे. सप्तपदी पुन्हा होत नाही. तेव्हा २ लाख १० हजारांची बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घ्या, दोन कार्ड स्लॉट असलेली, आणि जुनी सोबत राहू द्या. त्याच कंपनीची मिररलेस घेतलीत तर जुन्या लेन्स अडॅप्टरवर चालतील. २ लाख ३० हजारांच्या नव्या लेन्स आत्ता नकोत. मोठ्या कॅटलॉगला लागतील तेव्हा मुंबई-कोल्हापूरहून भाड्याने आणा. तुम्ही लिहिलेल्या दराने दिवसाचे दीड हजार होतात आणि तुमच्याच अंदाजाने वर्षाला दहा-बारा दिवस. १८ हजारांत भागतं. ते दिवस वर्षाला चाळीसच्या पुढे गेले की विकत घ्यायचा विचार करा.

म्हणजे बॉडी आणि लाइट मिळून ३ लाख. हे छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी मुद्रा कर्ज योजनेच्या किशोर गटात बसतं, त्याची मर्यादा ५ लाख आहे आणि तारण लागत नाही. तीन वर्षांसाठी १२ टक्क्यांनी हप्ता ९,९६४ रुपये, एकूण व्याज ५८ हजार ७०० च्या आसपास. तुमच्या आधीच्या बेतात व्याजच ३ लाख होतं. माडीचं भाडं धरून महिन्याचा बोजा ३७,९६४. पाच पावसाळी महिन्यांत साधारण ८० हजार कमी पडतील, पण आता हंगामात दीड लाख उरतात. प्रत्येक लग्नाचे पैसे आले की ४ हजार वेगळ्या खात्यात टाका. २२ लग्नांचे ८८ हजार होतात. कर्ज ऑक्टोबरच्या शेवटी उचला, म्हणजे पहिले सात हप्ते हंगामातच जातील. मुदतीआधी फेडल्यास दंड आहे का, ते मंजुरीपत्रात वाचून मगच सही करा. एफडी मोडू नका. तुमच्या घराचे चार महिने तिच्यावर निघतात.

‘कर्जाने टॅक्स वाचतो’ हे कॅमेरा विकणाऱ्याने सांगितलं असेल तर सोडून द्या. नव्या करप्रणालीत आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. तुमचं ५ लाख ३० हजार. वाचवायला करच नाही. उलट तुम्ही जमेच्या ८ टक्के अंदाजित नफा दाखवून रिटर्न भरता, म्हणजे कागदावर उत्पन्न ७६,८०० रुपये. खरा नफा त्याहून जास्त असेल तर तो दाखवायला हवा. दाखवलात तरी कर येत नाही, आणि पुढच्या वेळी बँक तुमची खरी ताकद बघून व्याजदर ठरवेल.

जीएसटीचंही तसंच. २० लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. कॅमेऱ्यावरच्या १८ टक्के जीएसटीची वजावट मिळावी म्हणून आपणहून नोंदणी केलीत तर प्रत्येक लग्नावर १८ टक्के लावावे लागतील, आणि वधुपिता ते वरून देणार नाही.

उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, मात्र याच आठवड्यात करा, ती मोफत आहे. दुकानांकडे तुमचे ७० हजार अडकलेत असं तुम्ही लिहिलंय. उद्यम क्रमांक बिलावर असला की कायद्याने लेखी करारात जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. त्यापुढे थकवले तर नेहमीच्या पद्धतीने हिशोब ठेवणाऱ्या दुकानदाराला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. त्याचा सीएच त्याला आठवण करेल.

करारात आणखी एक ओळ हवी. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, गिऱ्हाईक असतो. सराफाने ८ हजारांत इन्स्टाग्रामसाठी काढून घेतलेला फोटो रत्नागिरीतल्या मारुती मंदिर भागातल्या होर्डिंगवर लावला तर तुम्हाला काही मागता येत नाही. म्हणून कोटेशनमध्येच लिहा: वापर कुठे, किती महिने, आणि होर्डिंगसाठी वेगळा दर. फॅशनच्या कामात दिवसाच्या दरापेक्षा पैसा इथे आहे, आणि त्यासाठी कर्ज लागत नाही.

विमा दोन प्रकारचा घ्या. सामानाचा ऑल-रिस्क, म्हणजे वगळलेल्या गोष्टी सोडून सगळ्या नुकसानीचा: आरे-वारेच्या किनाऱ्यावर लाटेने ट्रायपॉड आडवा केला तर भरपाई मिळेल, पण बुरशी आणि हळूहळू होणारी झीज अशा पॉलिसीत साधारणपणे वगळलेली असते. गाडीत कोणी नसताना झालेल्या चोरीच्या अटी नीट वाचा, कारण लग्नघरी जेवायला गेलात की बॅग गाडीतच असते. दुसरा वैयक्तिक अपघात विमा, ज्यात तात्पुरत्या अपंगत्वात आठवड्याला ठरावीक रक्कम मिळते असा. फेब्रुवारीत मनगट मोडलं तर दीड महिन्यातली लग्नं हातची जातात आणि हप्ता तर चालूच राहतो. साधा मेडिक्लेम फक्त हॉस्पिटलचं बिल भरतो.