पिठल्यावर पापुद्रा धरण्याआधी

प्रिय लेकी,

तुझे भाकरीचे आणि मटकीच्या उसळीचे फोटो पाहिले. उसळ चवीची झाली असणार, पण दिसतेय मात्र गढूळ. दोष फोनचा नाही, डोक्यावरच्या ट्यूबलाइटचा आहे.

आपलं रोजचं जेवण बहुतेक तपकिरी नाहीतर पिवळं. सावली पडली तरच त्याचा दाणा न् दाणा दिसतो. ताट खिडकीशी ने, उजेड एका अंगाने येऊ दे आणि घरातले दिवे बंद कर. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा मोठा तितका उजेड निळसर. दिवसाचा उजेड साधारण 5500 केल्विनचा, पिवळा बल्ब 2700 च्या आसपास. दोन्ही एकत्र आले की भात एकीकडे निळसर, दुसरीकडे पिवळट दिसतो आणि नंतर तो धड सुधारताही येत नाही. थेट ऊन येत असेल तर खिडकीला जुनं धोतर लाव. सावली फार काळी पडू नये म्हणून सावलीच्या बाजूला पांढरा कार्डपेपर उभा कर.

स्टीलच्या ताटाची लाज बाळगू नकोस. स्टीलमध्ये समोरचं सगळं उमटतं, म्हणून समोर पांढरी चादर टांग; ताट दुधाळ दिसेल. भरलेलं ताट सरळ वरून टिप, भाकऱ्यांची चवड भाकरीच्याच उंचीवरून.

पिठलं गार होऊ लागलं की पापुद्रा धरतं, गरम आमटीवर कोथिंबीर लगेच मान टाकते. म्हणून आधी रिकामी वाटी ठेवून उजेड, कोन सगळं ठरव, मगच वाढ.

आता माझ्या जिव्हाळ्याची गोष्ट. अळूच्या फदफद्याचा रंग तू फोटोत वाढवलास. अळूची खाज जावी म्हणून चिंच लागतेच, आणि आंबटात शिजताना हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं. हिरवा रंग शेवाळी होतो. तो तसाच असायला हवा. तुझा फोटो पाहून पहिल्यांदाच अळू करणारी एखादी मुलगी आपल्या पातेल्यात डोकावेल आणि आपलंच चुकलं म्हणून खट्टू होईल. तिला असं फसवू नकोस गं. उजेड बदल, वाटी बदल, वरून खोबऱ्याचे काप आणि शेंगदाणे दिसू देत. रंगाला हात लावू नकोस.

रविवारी थालीपीठ लाव. पहिलं निव्वळ उजेड पाहायला वापर. दुसऱ्याचे दोन फोटो मला पाठव, एक कार्डपेपर ठेवून, एक काढून. भोकांच्या कडेला तेल कुठे जास्त चमकतं, ते तूच मला सांग.

तुझी,
मावशी